एका ढोलीसमोर पन्नास दिवस: सुतार पक्ष्याची वीण कशी पाहावी

सुतार पक्ष्याचं घरटं सापडलं असं सांगणाऱ्या बहुतेकांना सापडलेलं असतं ते नुसतं भोक. मीही त्यातलाच. पहिल्या वर्षी ओढ्याकाठच्या वठलेल्या आंब्यात एक सुबक गोल ढोली दिसली आणि मी सलग सहा सकाळी तिच्यासमोर डास मारत बसलो. एकही पक्षी फिरकला नाही. सातव्या दिवशी सहज म्हणून संध्याकाळी उशिरा गेलो, तेव्हा उलगडा झाला. एक सोनपाठी सुतार तिथे फक्त मुक्कामाला येत होता. अंधार पडायच्या आत तो ढोलीत शिरायचा आणि उजाडताच निघून जायचा. मी सात वाजता चहा घेऊन पोहोचेपर्यंत तो कधीच कामावर गेलेला असायचा.

सुतार पक्ष्याचं घरटं असं आडून पाहावं लागतं. बुलबुलाच्या वाटीत डोकावता येतं, सुगरणीचा झुलता खोपा लांबून दिसतो. इथे मात्र सगळा संसार लाकडाच्या आत असतो. आत काय चाललंय हे बाहेरच्या हालचालींवरून ताडायचं, आणि त्यासाठी एकच ढोली धरून बसायचं. वीस ढोल्यांचे फोटो काढण्यापेक्षा एका जोडीसोबत पन्नास दिवस घालवणं मला कितीतरी मोलाचं वाटतं. पुढे सांगितलेली पद्धत त्याच हिशेबाने आहे.

पहिल्यांदा कोणता सुतार निवडावा

सोनपाठी सुतार निवडा. हा गावात येतो, आमराईत असतो, शहरातल्या जुन्या झाडांवरही दिसतो, आणि ओरडल्याशिवाय त्याला राहवत नाही. उडताना घोडा खिंकाळल्यासारखा कर्कश आवाज आला की मान वर करायची. पाठ सोनेरी, कंबर काळी, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. गळा आणि कंबर दोन्ही बघायची सवय लावा. सह्याद्रीच्या दाट झाडीत त्याच्यासारखाच दिसणारा, पण मोठ्या चोचीचा आणि लाल कमरेचा भाऊबंद भेटतो. त्याचा गळा काळा नसतो.

आपल्या कामासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नर आणि मादी लांबूनही वेगळे ओळखू येतात. नराचं कपाळ आणि तुरा सगळा लाल. मादीच्या कपाळाचा पुढचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यात. आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं हे सांगता आलं नाही तर निम्मी नोंद वाया जाते.

दख्खनच्या कोरड्या माळरानावर, बाभळी-हिवराच्या पट्ट्यात राहत असाल तर मराठा सुतार शोधा. मैनेपेक्षाही लहान, पिवळसर कपाळाचा, पोटावर लाल डाग असलेला पक्षी. नराच्या मानेमागे लाल रंग असतो, मादीच्या नसतो. १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावातच ‘महरटेन्सिस’ घातलं, त्यामुळे या पक्ष्याबद्दल मला उगाच घरचा असल्यासारखा जिव्हाळा वाटतो. त्याची ढोली बऱ्याचदा तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला असते. वरून पाऊस आत येत नाही आणि वाटेवरून जाणाऱ्याला भोकही दिसत नाही.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना आणखी दोन-तीन मेजवान्या आहेत. तांबूस सुतार लाकूड कोरतच नाही. झाडावर तपकिरी, कागदी लगद्याच्या गोळ्यासारखं घर बांधणाऱ्या मुंग्या असतात, त्यांच्या जित्या-जागत्या वारुळातच तो ढोली करतो आणि अंडी घालतो. पानं शिवून घर करणाऱ्या ओंबिलांचं घर वेगळं, त्यात गल्लत करू नका. हृदयांकित सुतार इवलासा, आखूड शेपटीचा. सुक्या फांदीत जेमतेम चार सेंटीमीटर रुंद भोक पाडतो आणि त्याचं हे काम हिवाळ्यातच सुरू होऊ शकतं. पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार कावळ्याएवढा असतो आणि त्याला जाडजूड, जुनं, वठलेलं झाडच लागतं. तो दिसला तर डोळे भरून पाहा, पण पहिल्या वर्षीच्या अभ्यासाला त्याला धरू नका. तो बुजरा आहे, आणि चूक झाली तर नुकसान त्याचं होतं.

शोध हिवाळ्यात सुरू करा

सोनपाठीची वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै या काळात कधीही होते. जागा आणि हवामानानुसार ती पुढे-मागे सरकते. पण मार्चमध्ये बाहेर पडून ढोली शोधू गेलात तर खोदकाम संपलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि खोदकाम हाच तर सगळ्यात सोपा, सगळ्यात बोलका टप्पा. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आपल्या परिसरातल्या वठलेल्या झाडांची यादी करून ठेवा. शेंडा गेलेला माड, अर्धा वाळलेला आंबा, विजेने फाटलेला शिरीष, पोखरलेला शेवगा. जिवंत झाडाची मेलेली फांदीही चालते. बाहेरचं लाकूड टणक पण आतलं बुरशीने मऊ झालेलं, असं खोड सुताराला सोयीचं पडतं. माड दिसला की आम्ही कोकणातले लोक आधी खाली बुंध्याशी बघतो आणि मग वर.

खाली काय बघायचं? ढलप्या. ताज्या खोदकामाच्या ढलप्या फिक्या, स्वच्छ आणि कोरड्या असतात. जुन्या ढलप्या राखट होऊन पाचोळ्यात मिसळतात. ढलप्या ताज्या दिसल्या तर झाडाखाली थांबू नका. जागा मनात टिपून घ्या आणि चालत पुढे जा.

आता आवाजांचा फरक. जानेवारीच्या शेवटी झाडीतून एका दमात, सारख्या लयीत ‘टर्रर्र’ असा नगारा ऐकू येतो. तो खाण्यासाठी नाही आणि घर खोदण्यासाठीही नाही. ‘हे रान माझं’ असं सांगण्याची ती सुताराची रीत आहे, त्यासाठी तो चांगली घुमणारी वाळकी फांदी निवडतो. खोदकामाचा आवाज अगदी निराळा असतो: टक, टक-टक, मग गप्प, पुन्हा टक. लय नाही आणि आवाज दबका, जणू कुणी दार लावून आत काम करतंय. हा दुसरा आवाज दोन-तीन दिवस एकाच झाडातून आला की समजायचं, मुहूर्त झाला.

एक सावधगिरी. तांबट हा छोटा हिरवा पक्षीही चोचीने ढोली करतो, विशेषतः शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडात, आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला. भोक लहान, नीटनेटकं आणि चांगलं गोल असेल तर मालक तांबट असू शकतो. भोकावरून निकाल देऊ नका, पक्षी येईपर्यंत थांबा.

बसायची जागा

ढोलीपासून किमान पंचवीस-तीस मीटर लांब. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण असेल तर एवढ्या अंतरावरून कपाळावरचे ठिपकेही दिसतात. ढोलीच्या अगदी समोर बसू नका, तिरक्या कोनात बसा. पक्षी भोकातून डोकं बाहेर काढून पहिल्यांदा समोरचंच रान न्याहाळतो. पाठीशी झुडूप किंवा खोड असावं म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. सूर्य पाठीमागे. कपडे मळखाऊ रंगाचे. छोटा स्टूल न्याच, कारण दगडावर बसणारा माणूस दर दहा मिनिटांनी हलतो.

येण्या-जाण्याची वाट आणि वेळ शक्य तितकी ठरलेली ठेवा. रोज त्याच वाटेने येणाऱ्या गुराख्याची पक्ष्यांना सवय होते, तशी तुमचीही होते. आणि जाताना ढोलीखालून जाऊ नका.

अंतर पुरेसं आहे की नाही हे पक्षीच सांगतो. चारा घेऊन आलेला सुतार शेजारच्या झाडावर अडखळला, खोडाच्या मागच्या बाजूला सरकून नुसता एक डोळा काढून तुमच्याकडे बघू लागला, किंवा ओरडत घिरट्या घालू लागला, तर उठा आणि आणखी दहा-पंधरा मीटर मागे जा. तरीही तो पाच-दहा मिनिटांत आत गेला नाही तर त्या दिवसापुरतं घरी जा. माझ्या वहीत अशा ‘आज परत आलो’ नोंदी बऱ्याच आहेत, त्यांची मला लाज वाटत नाही.

शेत किंवा बाग कुणाची असेल तर मालकाला आधी भेटा. अभयारण्य किंवा राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी घ्या आणि नेमून दिलेल्या वाटा सोडू नका.

बाहेरून आतलं ओळखायचं

खरा अभ्यास इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

खोदकामात नर आणि मादी दोघंही लागतात, आणि पुरी ढोली व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. पहिल्या दिवसांत पक्षी खोडाला बाहेरून चिकटलेला दिसतो: पाय दोन बोटं पुढे, दोन मागे असे रोवलेले, ताठ शेपटी तिसऱ्या पायासारखी टेकलेली. मग डोकं आत जातं, मग खांदे, आणि एक दिवस शेपटीचं टोक तेवढं बाहेर उरतं. पक्षी पुरता आत जाऊन उलटा फिरू लागला, म्हणजे भोकातून त्याचं तोंड दिसू लागलं, की आडवं भुयार संपून खाली उतरणारी खोली तयार होत आहे. याच दिवसांत तो चोच भरून भुसा आणतो आणि मान झटकून बाहेर फेकतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तो भुसा उडताना फार सुंदर दिसतो. हे पाहायला तरी एकदा सकाळी सहाला उठा. किती वेळा भुसा फेकला याची मोजदाद ठेवा, हा आकडा कमी होत गेला की काम संपत आलं.

मग एकदम शांतता. नवखा माणूस इथेच फसतो आणि जोडी घर सोडून गेली असं समजतो. खरं तर अंडी घालण्याचे दिवस आलेले असतात. आसपासच्या आडव्या फांदीवर मीलन दिसू शकतं. ढोलीत गवत, पिसं, काड्या काही जात नाहीत. तळाशी उरलेल्या भुशावरच अंडी असतात, बहुधा दोन किंवा तीन, शुभ्र आणि चकचकीत. अंधाऱ्या ढोलीत लपवाछपवीच्या रंगांची गरजच नसते.

उबवणं सोनपाठीत साधारण अकरा दिवस चालतं. या काळात तुम्हाला दिसणारी एकमेव घटना म्हणजे पाळीबदल. बाहेरचा पक्षी खोडावर उतरतो, हलका आवाज करतो, आतला भोकातून डोकावतो आणि सुर्रकन उडून जातो, मग बाहेरचा आत. सगळं दहा-पंधरा सेकंदांत. तेवढ्यात नर की मादी हे टिपायचं आणि घड्याळ बघायचं. दोन पाळ्यांमधलं अंतर तासाभराचं किंवा जास्तही असू शकतं, तेव्हा इथे चिकाटीची कसोटी आहे. सुतारांमध्ये रात्रपाळी सहसा नराची असते. हे स्वतः तपासायचं असेल तर सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास जाऊन बसा आणि शेवटी आत कोण शिरतं ते लिहून ठेवा. चार-पाच संध्याकाळी लाल कपाळच आत जाताना दिसलं की पुस्तकातलं वाक्य तुमचं होतं.

अंडी फुटली हे कसं कळणार? पाळ्या अचानक लहान होतात. तासाला एक होणारी ये-जा आता वारंवार होऊ लागते. चोचीत काही दिसलं नाही म्हणून ‘चारा आणला नाही’ असं लिहू नका. मुंग्या खाणारे काही सुतार अन्न घशातून आणतात आणि आत गेल्यावर भरवतात. पिल्लं उघडी-वाघडी आणि आंधळी जन्मतात, त्यामुळे पहिले काही दिवस आई किंवा बाप ऊब द्यायला आत बसून राहतो. पुढे ते थांबतं आणि पक्षी बाहेर निघताना चोचीत पांढरट गोळी दिसू लागते. ती पिल्लांची विष्ठा, पातळ आवरणात बांधलेली. ती लांब नेऊन टाकली जाते. ज्या दिवशी पहिली पांढरी गोळी दिसेल त्या तारखेखाली रेघ ओढा.

पिल्लं मोठी झाली की ढोली स्वतःच बोलू लागते. आतून सतत घरघर ऐकू येते, लांबवर यंत्र चालू असल्यासारखी. पालक आत जाणं सोडतात आणि भोकाच्या काठाला लटकूनच भरवतात. अखेरच्या दिवसांत एखादं पिल्लू भोकातून डोकं काढून बसलेलं असतं आणि भावंडाला पुढे येऊ देत नाही. सोनपाठीची पिल्लं साधारण वीस दिवसांत बाहेर पडतात.

हिशेब असा मांडायचा. समजा भुसा फेकणं १० मार्चला थांबलं. दोन-तीन दिवस सोडून रोज एक या दराने तीन अंडी धरली तर शेवटचं अंडं १५ मार्चच्या सुमारास. त्यात अकरा दिवस मिळवले की २६ मार्च. पुढे वीस दिवस म्हणजे १५ एप्रिल. हा अंदाज पेन्सिलने लिहा. प्रत्यक्षात तीन-चार दिवस इकडे-तिकडे होतीलच, पण पिल्लं उडण्याच्या आठवड्यात रजा कधी टाकायची हे त्यातून नेमकं कळतं.

वही

एका नोंदीला एक ओळ पुरते. माझ्या वहीतली पद्धत अशी: ‘६.४२ मादी आली, नर बाहेर. ६.४२ मादी आत. ७.३१ नर आला, गोळी नाही. ७.३२ मादी बाहेर, पश्चिमेला.’ वर तारीख, हवा, बसल्याची आणि उठल्याची वेळ. काहीच घडलं नाही तो वेळही लिहायचा, कारण ‘दोन तासांत शून्य फेऱ्या’ ही नोंदच आहे. न पाहिलेलं भरून काढू नका. पाणी पिताना पाळी बदलली असेल तर ‘चुकलं’ असं लिहा.

रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, पण तेच दोन तास धरा. ठरलेल्या तासांचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

ढोलीची उंची झाडाजवळ न जाता मोजता येते. हात समोर ताठ धरा आणि मुठीत उभी काठी अशी पकडा की मुठीच्या वरचा तिचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा असेल. आता मागे सरकत जा. काठीचं टोक ढोलीशी आणि मूठ बुंध्याशी जुळली की तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे ढोलीची उंची. तेवढी पावलं मोजली की झालं. भोकाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, खोड जिवंत की वठलेलं, झुकलेलं असेल तर भोक वरच्या अंगाला की खालच्या, हेही लिहा.

जे करायचं नाही

भोकात मोबाइल किंवा नळीचा कॅमेरा घालायचा नाही. खोडावर थाप मारून ‘आत आहे का’ बघायचं नाही. फोटोला आड येणारी डहाळी तोडायची नाही, कारण त्याच डहाळीमुळे कावळ्याला आणि टकाचोराला भोक दिसत नसतं. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलवायचा नाही. आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून तो अंडी सोडून भांडायला येतो. फ्लॅश आणि ड्रोनचं तर नावच नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातलेलं आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

आणि जागा सांगायची नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना विणीचे संकेत जरूर भरा, अभ्यासाला त्यांचा उपयोग होतो, पण झाडाचा नेमका ठिकाणा लिहू नका. एका वर्षी मी उत्साहात एका समूहावर फोटो टाकला आणि मागच्या पारावरून जागा ओळखली गेली. रविवारी सकाळी झाडाखाली कॅमेऱ्यांच्या पाच तिपाया उभ्या होत्या. जोडी अंडी सोडून गेली नाही हे नशीब, पण त्या सकाळी तीन तास मादी आत जाऊ शकली नाही. चूक माझीच होती.

घोरपड किंवा साप खोडावर चढताना दिसला तर? बसून राहा आणि लिहा. हे अवघड जातं, मला माहीत आहे. मैनांची जोडी किंवा पोपट ढोली बळकावायला आले, तरी हेच. ते भांडण तुमचं नाही आणि पाहण्यासारखं असतं. उडायला शिकणारं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तरी पालक जवळपासच ओरडत असतात. कुत्रं-मांजर येत असेल तरच त्याला जवळच्या खोडावर चिकटवून ठेवा आणि लगेच लांब व्हा.

पिल्लं गेल्यावर

पिल्लं उडाल्यावर दोन आठवडे थांबा, सलग दोन-तीन संध्याकाळी ढोलीत कुणी मुक्कामाला येत नाही याची खात्री करा, आणि मगच पहिल्यांदा झाडापाशी जा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, खालच्या ढलप्या बघा, ढोलीची उंची दोरीने ताडून बघा. माझा काठीचा अंदाज एकदा दीड मीटरने चुकला होता, कारण जमीन उताराची होती.

मालकाशी बोलायची वेळही हीच. वठलेला माड म्हणजे त्याच्या दृष्टीने सरपण आणि वाऱ्यात कुणाच्या तरी डोक्यावर पडणारी आपत्ती. दोन्ही खरं आहे. मी ‘तोडू नका’ म्हणत नाही. घरावर झुकलेला नसेल तर अजून एक पावसाळा राहू द्या, आणि तोडायचाच झाला तर दिवाळीच्या आसपास तोडा, असं सांगतो. बहुतेक जण ऐकतात, विशेषतः वहीतली पानं दाखवली की.

जूनमध्ये अधूनमधून त्याच स्टुलावर जाऊन बसा. ओढ्याकाठच्या त्या आंब्यात गेल्या वर्षी सुतार गेल्यावर आधी मैना आल्या, त्यांना हुसकून खार आली, आणि पावसाची पहिली सर येऊन गेली त्या संध्याकाळी भोकातून एक पिंगळा दोन पिवळे डोळे वटारून माझ्याकडे बघत होता.